विषय: डाउनलोडचा वेळ खेळण्याचा वेळ धरून परतावा नाकारल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

तुमच्या स्टोअरवरून मी एक पीसी गेम विकत घेतला. पैसे लगेच वळते झाले, गेम मात्र अजून एकदाही धड सुरू झालेला नाही. परतावा मागितला, तर ‘खेळण्याचा वेळ मर्यादेपेक्षा जास्त’ असं कारण देऊन तुम्ही अर्ज फेटाळलात. हे कारण खोटं आहे आणि ते तुमच्याच नोंदींवरून सिद्ध होतं.

डाउनलोड चालू असताना नेट क्षणभर जरी गेलं, तरी तुमचा लाँचर (गेम उतरवणारं आणि चालू करणारं तुमचं ॲप) ‘फाइल खराब आहे’ असं सांगून पुन्हा शून्यापासून सुरुवात करतो. उतरलेला सगळा डेटा वाया. कसाबसा गेम उतरला, ‘प्ले’ दाबलं, तर लाँचरने भलामोठा पॅच, म्हणजे गेमचा अपडेट, ओढायला घेतला. तो उतरत असताना बटणावर ‘गेम चालू आहे’ अशी पाटी होती आणि शेजारी खेळल्याचा वेळ वाढत होता. पडद्यावर फक्त टक्केवारीची पट्टी सरकत होती, मेनूसुद्धा आलेला नव्हता. याचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. पॅच संपल्यावर गेम उघडताक्षणी बंद पडतो, आजही.

मी बरीच वर्षं वेगवेगळ्या स्टोअरवरून गेम घेतो, त्यामुळे तुलना करणं भाग आहे. स्टीमवर तुटलेलं डाउनलोड जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं. फाइल बिघडली, तर तपासणी करून फक्त बिघडलेला भाग पुन्हा उतरवता येतो. खरेदीपासून 14 दिवसांत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळलं असेल, तर परतावा मिळतो. हा नियम तिथे 2015 पासून आहे. एपिकचं स्टोअर 2018 मध्ये आलं. साधं कार्ट द्यायला त्यांना 2021 उजाडलं, पण परताव्याची हीच मर्यादा त्यांनी खूप आधी स्वीकारली होती. जीओजी या स्टोअरची गोष्ट तर मला सगळ्यात पटते: डीआरएम (गेमची कॉपी रोखणारं डिजिटल कुलूप) नाही, लाँचर वापरलाच पाहिजे अशी सक्ती नाही, आणि मोठ्या गेमचा इन्स्टॉलर, म्हणजे गेम संगणकावर बसवायची फाइल, वेगवेगळ्या भागांत मिळतो. एक भाग तुटला तर तेवढाच पुन्हा घ्यायचा. हा इन्स्टॉलर आपल्या हार्ड डिस्कवर जपून ठेवता येतो. परताव्याला 30 दिवस.

तुमच्याकडे गेमची निवड चांगली आहे, जुने दुर्मीळ गेमही सापडतात. म्हणूनच मी तुमच्याकडे आलो. पण ज्या गेमचा इन्स्टॉलर हातात मिळत नाही, तो सर्वस्वी तुमच्या लाँचरवर अवलंबून असतो. तो लाँचरच बिघडलेला असेल, तर त्याचा भुर्दंड ग्राहकाने का सोसायचा?

माझी पूर्ण रक्कम मूळ खात्यात परत करा. तुमच्या वॉलेटमध्ये जमा केलेली मला चालणार नाही. पॅच उतरण्याचा वेळ खेळण्याच्या वेळेत धरणं बंद करा. माझ्यासारख्याच कारणाने ज्यांचे अर्ज फेटाळले गेले असतील, तेही पुन्हा तपासा. पॅच कधी सुरू झाला, कधी संपला, हे तुमच्या सर्व्हरवर नोंदलेलं असणारच. त्या वेळा माझ्या नावावर मांडलेल्या तासांशी ताडून पाहा आणि मग लेखी उत्तर द्या. याआधी आलं तसं साचेबद्ध उत्तर कृपया पुन्हा पाठवू नका.

आपला,
एक ग्राहक

सोबत: खरेदीची पावती, स्क्रीनशॉट, परतावा नाकारल्याचा ईमेल