जबाब त्याच्या बोलीत नोंदवा: आदिजाती विकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. आदिजाती विकास मंत्री,
गुजरात राज्य, गांधीनगर यांस

सादर नमस्कार.

मी बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारा मराठी माणूस आहे. तीस वर्षे सरकारी कचेरीत कारकुनी केली. छोटा उदेपूर 2013 पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होते, त्यामुळे तिकडचे राठवा या आदिवासी समाजाचे शेतकरी आमच्याकडे नेहमी येत. त्यांतल्या एकाचा जबाब आजही माझ्या मनातून जात नाही. जमिनीच्या वाटणीबद्दल तो पंधरा मिनिटे बोलत होता. नाल्यापासून मोहाच्या झाडापर्यंत गेलेला बांध त्याने माझ्या टेबलावर बोटाने ओढून दाखवला. त्याची राठवी बोली मला निम्मीच कळली. मी गुजरातीत चार ओळी लिहिल्या, खाली ‘वाचून दाखवले, समजले, कबूल आहे’ हे ठरलेले वाक्य घातले आणि त्याचा अंगठा घेतला. मोहाचे झाड त्या चार ओळींत नव्हते.

संविधानाच्या अनुच्छेद 350 प्रमाणे केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण ज्याला लिहिता येत नाही आणि ज्याची भाषा खिडकीपलीकडच्या माणसाला येत नाही, त्याने हा हक्क बजावायचा कसा? राठवी ही भिली भाषांपैकीच एक. 2011 च्या जनगणनेत भिली आणि तिच्या बोली बोलणारे एक कोटीहून अधिक होते, तरीही भिलीला आठव्या अनुसूचीत, म्हणजे संविधानातल्या भाषांच्या यादीत, जागा नाही. ते काम दिल्लीचे. मी आपल्या हातातले तेवढेच मागतो.

गायकवाडांच्या कचेरीत एकेकाळी मराठीचा आणि मोडीचा वावर होता. पुढे रयतेची भाषा म्हणून गुजरातीला कारभारात मान मिळाला, आणि 1931 साली याच संस्थानाने कारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश छापला. राज्यकर्त्यांच्या मातृभाषेने रयतेच्या भाषेला वाट दिली, याचा मला मराठी म्हणून अभिमान वाटतो. गुजराती राजभाषा आहे, तिच्या स्थानाला कोणी हात लावू नये. फक्त तीच वाट आता राठवीलाही मिळावी.

आदिवासी भागातल्या आणि बडोद्यातल्या ज्या कचेऱ्यांत व दवाखान्यांत हे लोक रोज येतात, तिथे जबाब आधी त्यांच्या बोलीत ध्वनिमुद्रित व्हावा, मग त्याचा गुजराती मजकूर लिहिला जावा, आणि अंगठा घेण्यापूर्वी तो दुभाष्याने त्याच बोलीत परत ऐकवावा. असे दुभाषे शोधायला लांब जायला नको: राठवा समाजातली शिकलेली मुले-मुली आहेत, आणि छोटा उदेपूरकडच्या तेजगढची आदिवासी अकादमी या भाषांचे काम करतेच आहे. त्यांना मानधन मिळावे, नुसते ‘सेवाभावी’ म्हणून राबवू नये.

जबाब कसा घ्यावा आणि त्यात काय सुटू नये, हे या मुलांना शिकवायला मी विनामोबदला यायला तयार आहे. आपल्या खात्याने फक्त जागा आणि वार कळवावा.

आपला नम्र,
एक निवृत्त कारकून, बडोदा