सर-बाईंवरचे लेख : २८ ऑगस्टपर्यंत पाठवा

मंडळी, ५ सप्टेंबरला, शिक्षक दिनी, सकाळी १० वाजता शाळेच्या व्हरांड्यात आपल्या लेखांचं वाचन आहे. लेख २८ ऑगस्टपर्यंत याच ग्रुपवर टाका.

- दीडशे शब्द पुरेत. ‘आदर्श व्यक्तिमत्त्व’ दिसलं की लेख परत!
- गणिताच्या सरांचा नेमका डोक्यात बसणारा खडू सात जणांचा लिहून झालाय. दुसरं काहीतरी आठवा.
- शिपाईमामा आणि खिचडीवाल्या मावशींवर अजून एकही लेख नाही. तोंडी परीक्षेत आपला नंबर यायच्या आत मामांनी कितीदा घंटा दिली, विसरलात?
- सर-बाईंची टोपणनावं चालतील, पण ते सगळे समोरच बसून ऐकणार आहेत. त्यांनाही हसू येईल इतकीच चेष्टा. कुणाच्या घरच्या गोष्टी नकोत.

ज्यांचं अक्षर बाईंनाही लागत नसे, त्यांनी कृपया टाइप करूनच पाठवावं.