उत्तर छापले, रीत कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काल तुमच्या तिसऱ्या पानावर नव्या उड्डाणपुलाची बातमी वाचली आणि रात्रीपर्यंत ती डोक्यातून गेली नाही. वाहतूक सर्वेक्षणाने पुलाची गरज सिद्ध केली आहे, असे त्यात ठामपणे म्हटले आहे. सर्वेक्षण कुणी केले, कोणत्या महिन्यात केले, सकाळी की संध्याकाळी, वाहने मोजली की माणसे, यातले अवाक्षरही बातमीत नाही. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवले. पेपरात नुसते उत्तर लिहून रीत न दाखवणाऱ्या मुलाला आम्ही पूर्ण गुण कधी दिले नाहीत. कोट्यवधींच्या पुलाला मात्र नुसत्या उत्तरावर मंजुरी मिळते, याचा मला संताप येतो.

आमच्या घराजवळच्या चौकाबद्दल असाच एक अहवाल आला होता. त्यात सायकलींचे प्रमाण इतके नगण्य दाखवले होते की पुढच्या आराखड्यातून त्या रस्त्यावरचा सायकल मार्गच गेला. त्या चौकातून मी रोज सकाळी दूध आणायला जाते. रात्रपाळी संपवून सायकलवर घरी निघालेले वॉचमन, डबा अडकवून बांधकामावर चाललेले मजूर, क्लासला निघालेल्या मुली, सगळे मला तिथे दिसतात. तुमचा पेपरसुद्धा आमच्या सोसायटीत सायकलवरूनच येतो. ही माणसे अहवालात कुठे गेली, हे मला जाणून घ्यायचे होते.

म्हणून माहिती अधिकारात अर्ज केला. कार्यालयाचे नाव लिहीत नाही, कारण हा अनुभव एकाच कार्यालयापुरता आहे असे मला वाटत नाही. मोजणीचे मूळ तक्ते आणि त्यांवरून पुढच्या वर्षांचे आकडे कसे काढले तो हिशेब, एवढेच मागितले होते. पहिले उत्तर आले की माहिती सल्लागाराकडे आहे. अपील केल्यावर झेरॉक्सच्या झेरॉक्स मिळाल्या, त्याही तिरप्या, तारखेचा रकाना कापला गेलेला. त्यामुळे मोजणी दिवाळीच्या सुट्टीत झाली की कॉलेजे भरलेली असताना, हे कळायला मार्ग नाही. पंधरा-पंधरा मिनिटांच्या ओळी होत्या, सायकलींचा रकाना होता, पण त्यात बहुतेक ठिकाणी नुसती आडवी रेघ. रेघ म्हणजे एकही सायकल आली नाही, की सायकली मोजल्याच नाहीत? या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो आम्ही अकरावीच्या मुलांना पहिल्याच महिन्यात शिकवतो. लेखी विचारले. उत्तर आले की पुढचे विश्लेषण सल्लागाराच्या परवान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये झाले आहे, ते प्रारूप (मॉडेल) त्यांची बौद्धिक संपदा आहे, देता येणार नाही. रेघेबद्दल एक शब्द नाही.

सर्वेक्षण आमच्या पैशाने, रस्ता आमचा, मोजलेली आणि न मोजलेली माणसेही आमचीच. मग हिशेब सल्लागाराच्या मालकीचा कसा?

शिवाय मोजमापाचे एकक पाहा. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या पद्धतीत प्रत्येक वाहनाचे रूपांतर मोटारीत करतात, त्याला पीसीयू म्हणतात. बस म्हणजे दोन-तीन मोटारी, सायकल म्हणजे साधारण अर्धी. यातून रस्त्यावरची जागा किती अडली हे कळते, पण बसमध्ये माणसे दाटीवाटीने उभी होती आणि मोटारीत एकच होता, हे कळत नाही. पायी चालणाऱ्याला तर त्या बेरजेत जागाच नाही. रस्त्याने वाहने नव्हे, माणसे पुढे गेली पाहिजेत, हे सूत्र केंद्राच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६ मध्येच मांडले आहे.

वेगळ्या रीतीने काम करता येते आणि ते झालेही आहे. आधी हिशेब झाकून ठेवल्याचे उदाहरण पाहा. ब्रिटनच्या वाहतूक खात्याने २०१२ मध्ये वेस्ट कोस्ट रेल्वेमार्गावर गाड्या चालवण्याचे कंत्राट एका कंपनीला जाहीर केले. हरलेली कंपनी कोर्टात गेली आणि बचावाची तयारी करताना खात्याला स्वतःच्याच हिशेबातल्या चुका सापडल्या. कंत्राट रद्द झाले, करदात्यांचे किमान पाच कोटी पौंड बुडाले. कोर्टात कुणी गेलेच नसते तर त्या चुका तशाच राहिल्या असत्या. पुढे काही वर्षांनी याच खात्याच्या पैशातून इंग्लंडसाठी ‘प्रोपेन्सिटी टू सायकल टूल’ हे सायकलींच्या वाढीचा अंदाज देणारे संगणकी साधन तयार झाले, त्याची पद्धत मात्र नेमकी उलटी. तिथल्या २०११ च्या जनगणनेत राहणे कोणत्या भागात, काम कोणत्या भागात आणि जाता कशाने, हे विचारले होते. त्यावरून, वाटेतले अंतर आणि चढ लक्षात घेऊन, कोणत्या रस्त्यावर सायकली किती वाढू शकतील याचे नकाशे काढले. लोक डचांइतकी सायकल चालवू लागले तर काय होईल, बायका पुरुषांइतक्याच सायकलवर निघाल्या तर काय होईल, ई-बाइक आल्या तर काय होईल, असे निरनिराळे हिशेब त्यात आहेत.

मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते ते हे की ‘आर’ या मोफत संगणकभाषेत लिहिलेला त्याचा कोड कुणालाही उघडून वाचता येतो. चढाचा परिणाम कमी धरला आहे असे वाटले, तर एखादा पेन्शनरसुद्धा आकडा बदलून हिशेब पुन्हा करू शकतो. तोच डेटा आणि तोच कोड असेल तर तेच उत्तर आले पाहिजे. नाही आले, तर चूक कोणत्या ओळीत आहे ते बोट ठेवून दाखवता येते. तिथल्या स्थानिक संस्थांना सायकल आणि पादचारी आराखडे करताना हे साधन वापरावे, असे २०१७ च्या सरकारी मार्गदर्शनातच सुचवले आहे.

आपल्याही २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामगारांना कामाचे ठिकाण किती लांब आणि तिथे कशाने जाता, हे विचारले होते. पायी, सायकल, बस असे सगळे रकाने आहेत, स्त्री-पुरुष वेगळे आहेत. पण त्या तक्त्यात जिल्ह्याची बेरीज मिळते. कोथरूडहून हडपसरला किती माणसे जातात, हे त्यातून निघत नाही. ते निघते फक्त वाहतूक आराखड्यांसाठी घरोघरी जाऊन भरलेल्या फॉर्मांतून, आणि अहवाल छापून झाला की ते फॉर्म कुठे जातात कुणास ठाऊक. पुढच्या आराखड्याला नवा सल्लागार, नवे सर्वेक्षण, नवे बिल. त्यात प्रभागांच्या सीमाही एका जागी राहत नाहीत. पुणे महापालिकेच्या २०१२ च्या निवडणुकीत दोन सदस्यांचे प्रभाग होते, २०१७ मध्ये चार सदस्यांचे झाले. मूळ नोंदीच हाती नसतील तर जुने आकडे नव्यांशी जुळवायचे कसे?

खासगी माहितीचे कारण पुढे केले जाते. नाव, फोन, घर क्रमांक काढा, भागवार बेरीज करा, जिथे दोन-चारच माणसे आहेत तो आकडा झाका. यात अवघड काय आहे? पैशाची सबबही मला पटत नाही. ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांना खुल्या नकाशावर २००४ पासून जगभरची माणसे रस्त्यांचे नकाशे काढत आहेत, नकाशांवर काम करायला क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे, आणि दिल्लीने २०१८ मध्येच बसचे थांबे, वेळापत्रके आणि बस आत्ता कुठे आहे, हा सगळा डेटा खुला केला.

अंदाज फुगतात, ही भीती माझी एकटीची नाही. मोठ्या प्रकल्पांचे डॅनिश अभ्यासक बेंट फ्लूब्येर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये १४ देशांतले २१० वाहतूक प्रकल्प तपासले. दहापैकी नऊ रेल्वे प्रकल्पांत प्रवाशांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त निघाला. आपल्याकडे विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये मेट्रोसाठी पाडला. तो बांधताना वाहतुकीचे जे अंदाज मांडले होते, ते आज कुणाला तपासून पाहता येतील का?

माझी मागणी साधी आहे. सर्वेक्षणाच्या निविदेतच अट घाला की मूळ नोंदी, धरलेली गृहीतके आणि हिशेबाचा कोड अहवालासोबतच जाहीर झाला पाहिजे, नाहीतर सल्लागाराला शेवटचा हप्ता मिळणार नाही. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ कार्यालयांना आपणहून माहिती प्रसिद्ध करायला सांगते. त्यासाठी माझ्यासारखीला अपिले करत फिरायला लागू नये.

आता थोडे तुमच्याविषयी. कालच्या बातमीसोबतच्या नकाशातली अक्षरे भिंग लावूनही वाचता येत नाहीत. तुमच्या वार्ताहराने मूळ अहवाल मागावा, मिळाला तर तुमच्या वेबसाइटवर ठेवावा, आणि दिला नाही तर दिला नाही असे बातमीत लिहावे. याच विषयावरचे माझे आधीचे पत्र तुम्ही छापलेत, त्याबद्दल आभार, पण त्यातला मोजणीच्या तारखांचा परिच्छेद कापलात आणि पत्राचा अर्थच गेला. या वेळी जागा कमी पडली तर इंग्लंडचा भाग काढा. निविदेच्या अटीचे वाक्य मात्र पूर्ण छापा.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका,
कोथरूड, पुणे