नगरविकास मंत्र्यांना खुलं पत्र: जळगावात प्लॉट कुठे घ्यायचा हे सरकारी कागदावर कळू द्या

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
आणि नोंदणी, भूमि अभिलेख महसूल खात्याकडे येतं म्हणून मा. महसूल मंत्री यांनाही

साहेब, सादर नमस्कार.

आमच्या जळगावात ज्याच्या हातात थोडा पैसा येतो, मग तो रिटायरमेंटचा फंड असो, केळीचा असो की पुण्यात नोकरीला असलेल्या पोराने पाठवलेला असो, त्याचा पहिला प्रश्न एकच असतो, प्लॉट कुठे घेऊ? पिंप्राळ्याला घेऊ की सावखेड्याकडे, महाबळच्या पुढे मोहाडी रोडला की कुसुंब्याला? आणि या प्रश्नाचं उत्तर त्याला मिळतं एजंटकडून, नाहीतर साडूकडून. ज्या माहितीवर हा निर्णय व्हायला पाहिजे ती सगळी तुमच्या दोन खात्यांच्या कपाटात आणि कॉम्प्युटरमध्ये पडून आहे, ती आमच्यासमोर एका जागी येत नाही, एवढ्यासाठीच हे पत्र.

माझे काका यावल तालुक्यात केळी करतात. नातवंडांच्या शिक्षणासाठी जळगावात जागा घ्यायची म्हणून त्यांच्यासोबत मीच फिरतोय. पिंप्राळा आणि सावखेडा, गाडीवर गेलात तर एक कधी संपलं आणि दुसरं कधी लागलं कळत नाही, जाहिरातीत दोन्हीकडे "जळगाव शहर" असंच छापलेलं असतं. पण उतारा काढला की शिवार वेगळं, आणि तिथेच सगळं बदलतं. पिंप्राळा महापालिकेत, सावखेडा ग्रामपंचायतीत. हद्दीच्या आत असाल तर वाघूर धरणाचं पाणी आज ना उद्या नळाला येणार, अमृत योजनेतली भुयारी गटार कधीतरी दारापर्यंत पोहोचणार, बदल्यात महापालिकेची घरपट्टी भरायची. हद्दीबाहेर घरपट्टी कमी, पण बोअर तुमचा, शोषखड्डा तुमचा, आणि उन्हाळ्यात बोअर आटला की टँकरही तुमच्याच खिशातून. मोहाडी रोडला तोच प्रकार, "महाबळला लागून" म्हणतात आणि सातबारा मोहाडीचा निघतो. वाईट आहे असं मी म्हणत नाही, स्वस्तात मोठी जागा मिळते, काहींना तेच परवडतं. पण घेणाऱ्याला हे इसार द्यायच्या आधी कळायला नको का?

एका ठिकाणी एजंटने काकांच्या हातात ले-आऊटची झेरॉक्स दिली. ओपन स्पेस हिरव्या स्केचपेनने रंगवलेली, प्लॉटना नंबर, रस्ते नऊ मीटरचे आखलेले, सगळं छान, फक्त कोपऱ्यातला शिक्का अर्धा कापलेला. मंजुरी तात्पुरती आहे की अंतिम हे नेमकं त्या कापलेल्या भागातच असतं. साहेब, तुम्हाला सांगायला नको, टेंटेटिव्ह मंजुरी म्हणजे नकाशा कागदावर बरा दिसतोय एवढंच, मोजणी होऊन रस्ते, गटार झाल्याशिवाय फायनल होत नाही. तुमच्याच २०२० च्या बांधकाम नियमावलीत ०.४ हेक्टर आणि त्याच्या वरच्या ले-आऊटला १० टक्के मोकळी जागा सोडायला लावली आहे. आम्ही त्या हिरव्या चौकोनावर जाऊन उभे राहिलो तर तिथे कपाशी उभी होती, आणि रस्ता म्हणजे काळ्या मातीवर मारलेली चुन्याची फक्की. पाण्याचं विचारलं तर म्हणे, "पाणी ई जाई ना भाऊ, काळजी नका करू." कधी येईल, कोण आणेल, पैसे कोण भरेल, याचं उत्तर नाही. आणि ही काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, घर बांधताना पाया खोल न्यावा लागतो, म्हणजे प्लॉट स्वस्त पडला तरी पायाभरणीत पैसा जातोच, हे सहसा कोणी हिशोबात धरत नाही.

आणखी एक वाक्य सगळीकडे ऐकायला मिळतं, "नंतर रेग्युलर होऊन जातं". ते खोटंही नाही. गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेले छोटे प्लॉट नियमित करायचा कायदा २००१ चा, तेव्हा १ जानेवारी २००१ पर्यंतच्या प्लॉटसाठी होता, २०२१ मध्ये तारीख पुढे नेऊन ३१ डिसेंबर २०२० केली. ज्यांचं आयुष्य त्या घरात गेलं त्यांना दिलासा मिळाला, चांगलंच झालं. पण प्रत्येक तारीखवाढीने विकणाऱ्याला बोलायला जागा मिळते आणि ज्याने नियमाने रस्ता, गटार करून ले-आऊट पाडला त्याचा प्लॉट महाग दिसतो. हे थांबवणं तुमच्याच हातात आहे.

आता भावाचं. खरेदीखत झालं की सूची दोन, म्हणजे व्यवहाराचा सरकारी गोषवारा, तयार होते, त्यात मोबदला किती आणि सरकारी बाजारमूल्य किती हे दोन्ही असतं. म्हणजे कोणत्या शिवारात काय भावाने व्यवहार नोंदले गेले हे सरकारला माहीत आहे. आम्हाला ऑनलाईन बघायचं तर गाव आणि गट नंबर माहीत पाहिजे, म्हणजे जो प्लॉट आधीच हेरलाय त्याचंच दिसतं, शेजारच्या शिवाराशी तुलना करायला काहीच नाही. रेडीरेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेले जागेचे दर, दरवर्षी बघतो, पण नळ आलाय की नाही, गटार आहे की नाही हे त्यातून कळत नाही. मुद्रांक शुल्क मात्र रेडीरेकनर आणि ठरलेली किंमत यात जे जास्त त्यावर घेता, वर नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. एवढे पैसे आम्ही भरतो तर थोडी माहिती मागण्याचा हक्क आमचा आहे.

माझं स्वतःचं मत विचाराल तर राहायला घ्यायचं असेल तर हद्दीतलं, पाण्याची लाईन गल्लीत आलेली बघूनच, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. भाड्यासाठी घ्यायचं तर कुसुंबा, एमआयडीसीचे कामगार मिळतात, फक्त विमानतळ जवळ आहे तेव्हा उंच बिल्डिंगचं स्वप्न दाखवणाऱ्याला आधी उंचीची परवानगी मागा. गिरणेच्या पलीकडे बांभोरीला विद्यापीठाची पोरं खोल्या घेतात, तो वेगळा हिशोब. आणि पाळधी-तरसोद बायपासच्या नावावर जे विकलं जातंय तिथे घ्यायला मी अजून थांबलोच असतो. पण हे माझं फिरून बनवलेलं मत, यावलच्या शेतकऱ्याने किंवा चोपड्याच्या मास्तरने ते कशाच्या भरवशावर मानायचं?

म्हणून मागतो ते सांगतो. प्रत्येक शिवारातल्या प्रत्येक ले-आऊटचं एक पान करा, महापालिका हद्दीत आहे की बाहेर, मंजुरी तात्पुरती की अंतिम, रस्ते आणि ओपन स्पेस ताब्यात दिले की नाही, पाण्याची लाईन कुठपर्यंत, रेरा, म्हणजे प्रकल्प नोंदणीच्या कायद्याखालचा नंबर कोणता. ५०० चौरस मीटरच्या वर आणि आठपेक्षा जास्त प्लॉट असले की रेरा लागतोच, जाहिरातीत क्यूआर कोड १ ऑगस्ट २०२३ पासून बंधनकारक आहे, तरी नाक्यानाक्यावरचे बोर्ड त्याच्याशिवाय उभे दिसतात. त्या पानावर खरेदी देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांची सही असल्याशिवाय दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात दस्त नोंदवला जाऊ नये. आणि सूची दोनमधून नावं काढून, शिवारनिहाय, दर तीन महिन्यांनी चौरस मीटरचा भाव जाहीर करा. यासाठी नवीन ऑफिस नको, नवीन माणसं नकोत, आकडे तुमच्याकडे आहेतच.

जळगावपासून सुरुवात करा, धुळे आणि नंदुरबारलाही हाच घोळ आहे, तिकडचे लोकही वाट बघताहेत. काकांचा व्यवहार आम्ही तूर्त थांबवला आहे.

आपला,
एक खान्देशी
जळगाव