रंग छापलात, आता इंजिनही छापा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दक्षिण मुंबईतल्या जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीवर अर्धं पान आलं आहे. फोटो झकास आहेत. पण एका फोटोखाली ‘1960 ची प्लिमथ’ असं लिहून तिला पेट्रोल पिणारी अवाढव्य, आठ सिलिंडरची व्ही-एट ठरवलंत, तेव्हा राहवलं नाही. ती व्हॅलियंट आहे. त्या पहिल्या वर्षी अमेरिकेत ती नुसत्या ‘व्हॅलियंट’ नावानंच विकली जात होती, क्रायसलर कंपनीचं प्लिमथ हे नाव पुढच्या वर्षी लागलं. अवाढव्यही नाही, जेमतेम पंधरा फूट लांब. आणि त्या वर्षी तिला व्ही-एट मिळतच नव्हतं.

ऑपेरा हाउसजवळच्या एका गॅरेजात माझी उमेदवारी झाली आणि तिथेच गिअरबॉक्सच्या बाकावरून मी निवृत्त झालो. वकिलातींनी वापरलेल्या परदेशी गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या लिलावातून बाहेर पडायच्या आणि फिरत फिरत आमच्याकडे यायच्या. त्यात या छोट्या अमेरिकन गाड्या पुष्कळ. 1960 च्या मॉडेलपासून तिकडच्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी त्या एकदम बाजारात आणल्या: फोर्डची फाल्कन, शेव्हर्लेची कॉर्व्हेअर आणि क्रायसलरची व्हॅलियंट. तिन्ही सहा सिलिंडरच्या, पण बॉनेट उघडलं की तीन तऱ्हा. कॉर्व्हेअरचं तर बॉनेटखाली इंजिनच नाही! ते मागे, आडव्या सिलिंडरांचं, हवेवर थंड होणारं. फाल्कनचं 144 घनइंची, म्हणजे साधारण 2.4 लिटर आणि 90 हॉर्सपॉवर. त्याचं इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे पेट्रोल-हवा आत नेणाऱ्या नळ्या, इंजिनाच्या वरच्या भागात, हेडमध्येच ओतलेलं, त्यामुळे मोठा कार्बोरेटर बसवून ताकद वाढवू म्हणणाऱ्या हौशी मालकांची तिथेच पंचाईत व्हायची.

व्हॅलियंटचं 170 घनइंची इंजिन 30 अंश कललेलं. पहिल्यांदा बघणारा माउंटिंग तुटलं म्हणून घाबरायचा. कलल्यामुळे बॉनेट खाली घेता आलं आणि इनटेकच्या नळ्यांना लांब व्हायला जागा मिळाली. टॅपेट लावायचे, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवायची, ते इंजिन गरम करून, चालू ठेवून. इनटेकला दहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), एक्झॉस्टला वीस. व्हॉल्व्ह दाबणाऱ्या, वर-खाली उडणाऱ्या रॉकरखाली फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, सरकवायचा, तो किंचित ओढून धरला की बरोबर. गरम तेलाचे थेंब मनगटावर उडायचे. पोरांना हे काम नको असायचं, मला मात्र आवडायचं. नंतर 225 घनइंची भाऊही आला, 3.7 लिटरचा. तेल बदलत राहिलात तर ही इंजिनं मरता मरत नाहीत.

गिअरची कथा आणखी मजेची. साध्या गाडीला तीन गिअर. फाल्कनची दांडी स्टिअरिंगखाली. व्हॅलियंटची पहिल्या वर्षी खाली जमिनीत होती. फाल्कनच्या पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे दातांचा वेग जुळवून देणारी सोय, नाही. सिग्नलला रांगत असताना पहिला टाकला की दात करकरलेच, म्हणून गाडी पुरती थांबवायची. ऑटोमॅटिक घ्यायची तर फोर्ड आणि शेव्हर्लेनं दोनच गिअर दिले. केम्प्स कॉर्नरचा चढ फाल्कन एकतर पहिल्यात बोंबलत चढायची, नाहीतर दुसऱ्यात दमून. माझ्या मते तिथे व्हॅलियंट सरस. तिच्या ऑटोमॅटिकला तीन गिअर, आणि तेही डॅशबोर्डवरच्या बटणांनी. उभी गाडी अडकवून ठेवणारी पार्कची सोय सुरुवातीला नव्हतीच, हँडब्रेक ओढायचा. या जुन्या ऑटोमॅटिकना मागच्या बाजूला चाकांबरोबर फिरणारा दुसरा ऑइल पंप असायचा, त्यामुळे बॅटरी बसली तरी ढकलून चालू करता यायच्या. फक्त वेग ताशी वीस मैलांच्या आसपास लागतो. पावसात चार माणसांनी ढकलून तो येत नाही, मागून दुसरी गाडीच लावावी लागते. 1966 पासून क्रायसलरनं तो पंप काढला आणि ही सोयही गेली.

पुढे फाल्कनला 1963 मध्ये 260 घनइंची व्ही-एट आलं, व्हॅलियंटला 1964 मध्ये 273. म्हणजे एकाच नावाच्या, जवळपास एकाच चेहऱ्याच्या दोन गाड्या आतून अगदी वेगळ्या असू शकतात. पाँटियाक या आणखी एका अमेरिकन ब्रँडनं तर 1961 च्या टेंपेस्ट गाडीमध्ये व्ही-एट अर्धं करून चार सिलिंडरचं इंजिन बसवलं, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी नेला आणि मधला शाफ्ट चक्क वाकवला. फोटोतल्या क्रोमवरून यातलं काय कळणार?

आता खरं दुखणं. पेट्रोल महागल्यावर मुंबईतल्या बऱ्याच अमेरिकन गाड्यांना डिझेल इंजिनं बसली. आधी पर्किन्स कंपनीचं, नंतर मॅटाडोर व्हॅनचं. हे काम आम्हीच केलं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. नवीन इंजिन आणि जुना गिअरबॉक्स यांच्यामध्ये लोखंडी पाटा लेथवर बनवायचा. सेंटर केसभर जरी हललं तरी इनपुट शाफ्टचं बेअरिंग महिन्यात बोलायला लागतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे सुटे भाग मिळेनासे झाले की तोही निघायचा आणि त्या जागी साधा चार गिअरचा यायचा. परवाच्या मिरवणुकीत एका व्हॅलियंटच्या खिडकीतून मी डोकावलो. बटणं चकचकीत पॉलिश केलेली, आणि सीटच्या पुढ्यात जमिनीतून गिअरची दांडी वर आलेली. बटणांना मागे काहीच जोडलेलं नाही. मालक पाहुण्यांना ती बटणं कौतुकानं दाखवत होते.

केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली, मोठे फेरफार न झालेली गाडीच विंटेज. तिला नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीची फी वीस हजार. त्यामुळे डिझेलवाल्या गाड्यांचे मालक बॉनेट उघडत नाहीत, हे मी समजू शकतो. पण मिरवणूक म्हणजे आरटीओची तपासणी नव्हे. आयोजकांनी प्रत्येक गाडीसमोर पाटी लावावी: कारखान्यातून कोणतं इंजिन आणि कोणता गिअरबॉक्स आला, आज कोणता आहे, बदल कधी झाला. बदललेल्या गाड्यांची वेगळी रांग केली तरी चालेल. त्या रांगेत मुंबईच्या मिस्त्र्यांची कारागिरी दिसेल, जी कुठल्याही कंपनीच्या पुस्तकात नाही.

आणि आपल्या छायाचित्रकारांना एवढंच सांगा की मालकाला बॉनेट उघडायला लावा. कॉर्व्हेअर असेल तर मागे जा. फोटोखाली सिलिंडर किती, घनइंच किती, गिअर किती हे तीन आकडे छापले तरी पुरे. व्हॅलियंटची दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त गिअरबॉक्स फिटर, परळ