पुराचा धोका कमी करणाऱ्या वस्त्यांना करसवलत द्यावी: वडोदरा महापालिका आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त महोदय,
सविनय नमस्कार, वि. वि.

ऑगस्ट २०२४ मध्ये शहरातून वाहणारी विश्वामित्री नदी २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली. त्यानंतर नदीचे पात्र मोकळे करण्याचे काम हाती घेतले गेले, याचे समाधान आहे. परंतु आजवा जलाशयातून येणाऱ्या पाण्याखेरीज शहरातच पडणारा पाऊस केवढा असू शकतो, हे ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस झाला तेव्हा बडोद्याने अनुभवले आहे. हे पाणी आधी सोसायट्यांच्या आवारांत आणि कांसांत, म्हणजे पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यांत, साचते. एक सोसायटी भराव घालून, पेव्हर ब्लॉक बसवून आपले आवार उंच करते आणि तिचे पाणी शेजारच्या जुन्या, सखल सोसायटीत शिरते. त्यामुळे एकेकट्या घराला किंवा सोसायटीला सवलतीचे बक्षीस देऊन पूर कमी होणार नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय पूरविमा कार्यक्रमात १९९० पासून अशी योजना आहे की, एखाद्या गावाने किमान नियमांपलीकडे जाऊन काम केल्यास त्याला गुण मिळतात आणि तेथील विमाधारकांच्या हप्त्यात ५ ते ४५ टक्के सूट मिळते. लाभ गावाला एकत्रित मिळतो, हे घेण्यासारखे आहे. मात्र तेथे माहितीपत्रके पोहोचवण्यासारख्या कामांनाही गुण आहेत आणि मोकळी जमीन राखण्यापेक्षा ते मिळवणे सोपे असते. आपण ती वाट धरू नये.

आपल्याकडे घराचा विमा उतरवणारे थोडे आहेत, म्हणून सवलत मालमत्ता करातच द्यावी, आणि तीही एकाच कांसेवरील सोसायट्यांना मिळून: कांस मोकळी ठेवली, आवाराचा ठरावीक भाग मातीचा राखला, विजेचे मीटर पुराच्या पातळीच्या वर नेले, तरच. पाहणी पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर पुन्हा व्हावी, कारण जूनमध्ये साफ केलेली कांस ऑगस्टमध्ये पुन्हा कचऱ्याने भरलेली असू शकते.

नदीकाठच्या झोपडवस्त्यांचा येथे वेगळा विचार करणे अत्यंत आवश्यक आहे. ज्यांच्यावर कराचा बोजाच नाममात्र आहे त्यांना करसवलतीचा काय उपयोग? पुराचा पहिला फटका तर त्यांनाच बसतो. त्यांच्या सामूहिक कामाचा मोबदला थेट खात्यात द्यावा आणि सामान हलवण्यासाठी वस्तीजवळच उंचावर जागा द्यावी.

येत्या पावसाळ्यापूर्वी भुखी कांसेलगतच्या सोसायट्यांपासून प्रारंभ करावा आणि पाहणीचे निकाल वॉर्ड कार्यालयाच्या फलकावर लावावेत, ही विनंती.

आपला,
एक बडोदेकर करदाता