ज्युनिपरला वडाचा न्याय नको

महोदय,

जुना बोन्साय पावसाळ्यात सडकून छाटा, असा सल्ला आपल्या बागकाम सदरात वाचला. वडाला तो चालेल. त्याच्या बोडक्या फांदीलाही नवे डोळे (कोंब) फुटतात. ज्युनिपर या सूचिपर्णी झाडाचं तसं नाही. हिरवळ संपली की ती फांदी वाळलीच म्हणून समजा!

त्याचा आकार बदलायचा तर फांदी तारेने वाकवावी, टोकाचा झुपका राखावा. नकोशी फांदी साल सोलून खुंट म्हणून ठेवावी. आमच्या म्हापशाच्या दमट हवेत तो कुजतो, म्हणून कोरड्या दिवसांत लाइम-सल्फर (चुना-गंधकाचं द्रावण) लावावं. आकार बदलला त्याच वर्षी कुंडी बदलू नये. आणि तार सालीत रुतण्याआधी कटरने तुकडे करूनच काढावी. उलगडत बसलं की फांदी मोडते.

– एक वाचक, म्हापसा